जाळी कोणी काढली

कुकटपल्लीच्या त्या कारखान्यात पाच पॉवर प्रेस होते, आणि चार नंबरच्या प्रेसवर नीलिमा उजागरे सहा वर्षं बसत होती. पत्र्याची पट्टी डायखाली, म्हणजे कड्या कापणाऱ्या साच्याखाली सरकवायची, पायानं पायडल दाबायचं, वरचा ठोकळा धाडकन खाली यायचा आणि एक कडी तयार व्हायची. डायच्या पुढ्यात लोखंडी जाळी बसवलेली असे. जाळीच्या फटीतून पट्टी आत जाई, हात जात नसे. तयार कडी चिमट्यानं ओढून काढावी लागे. वेळ जायचा, पण बोटं जागेवर राहायची.

पंच्याण्णव साली कारखान्याला एका परदेशी मोटार कंपनीचं काम लागलं आणि सगळ्याला घाई सुटली. पत्र्याच्या शेडमध्ये काळ्या काचेची केबिन उभी राहिली, केबिनमध्ये कॉम्प्युटर आला आणि कॉम्प्युटरपाठोपाठ पुण्याहून इंजिनिअर मंदार साहेब आले. वय बत्तीस-तेहतीस, स्वच्छ शर्ट, बोलणं गोड. शेडमध्ये दिवसभर तेलुगू नाहीतर दखनी वळणाची हिंदी कानावर पडायची. त्यात हा माणूस "नीलिमाबाई, कसं चाललंय?" असं चोख मराठीत विचारायचा, तेव्हा तिला बरं वाटायचं. नाताळात तिनं घरून करंज्या नेल्या, तर त्यांनी केबिनबाहेर येऊन, उभ्या-उभ्या दोन खाल्ल्या. आपला माणूस आहे, असं ती घरी येऊन म्हणाली होती.

मार्चमध्ये एके दिवशी मालक स्वतः शेडमध्ये आले. नीलिमाच्या पाठीमागं उभं राहून त्यांनी घड्याळ लावून कड्या मोजल्या.

"इत्ते में क्या होता?" ते मंदारला म्हणाले. "गाडीवाले रुकते क्या हमारे वास्ते? जाली निकालो. हात से डालो, हात से निकालो."

"सर, त्यात रिस्क आहे," मंदार म्हणाला.

"रिस्क तो धंदे में रहतीच. महिने का माल नहीं गया तो तुम देखो अपना."

मालक गेल्यावर मंदारनं उमाजी फिटरला बोलावलं. उमाजी साठीला टेकलेला, नांदेडकडचा माणूस. त्यानं मान खाली घालून चार बोल्ट काढले, जाळी उचलली आणि भंगारच्या खोलीत नेऊन ठेवली. नीलिमा बघत होती. तिनं विचारलं, "साहेब, अशीच बसू?" मंदार हसून म्हणाला, "तुमचा हात सरावलेला आहे हो. महिनाभराचा तर प्रश्न आहे."

सतराव्या दिवशी प्रेसनं एक ठोका ज्यादा मारला. पायडल सोडलेलं असताना ठोकळा पुन्हा खाली आला. उजव्या हाताची मधली तीन बोटं गेली. उमाजीनं धावत येऊन मेन स्विच पाडला, अंगातला शर्ट काढून तिच्या हाताला गुंडाळला आणि रिक्षात तिला मांडीवर घेऊन बसला. दवाखान्यापर्यंत तो एकच शब्द बोलत होता, "पोरी, पोरी, पोरी."

बावीस दिवसांनी ती अंबरपेठेला घरी आली. दोन खोल्यांचं घर. नवरा गौतम रिक्षा चालवायचा, सासू इंदुताई घर बघायची, मुलगी सहावीत. पहिल्याच सोमवारी मुलगी कंगवा आणि लाल रिबिनी घेऊन सवयीनं तिच्यापुढं येऊन बसली. नीलिमानं केसांचे तीन पेड केले. अंगठा आणि करंगळी. एक पेड धरला की दुसरा सुटे. चार वेळा केलं, चार वेळा सुटलं. पाचव्या वेळी तिनं कंगवा भिंतीवर असा आपटला की त्याचे दोन तुकडे झाले. पोर घाबरून आजीकडं पळाली.

तेव्हापासून राग तिच्या घरात राहायला आला. तिच्या आधी उठायचा, तिच्या नंतर झोपायचा. भाकरी थापता येत नव्हती, पदर खोचता येत नव्हता, आणि प्रत्येक न येणाऱ्या गोष्टीपाशी तिला मंदारचं ते हसणं दिसायचं. तुमचा हात सरावलेला आहे हो. त्याचा हात त्याच डायखाली धरून आपण पायानं पायडल दाबतोय, हे चित्र ती दिवसातून दहा वेळा रंगवायची. त्याचं तिला वाईट वाटत नव्हतं. उलट तेवढाच काय तो जिवाला गारवा.

मेच्या मध्याला आबासाहेब रणपिसे घरी आले. आबासाहेब कारखान्यात स्टोअरकीपर आणि चर्चमध्ये मंडळीचे वडील, म्हणजे पंचांपैकी एक. नारायणगुड्याच्या बाजूला एका चर्चमध्ये सकाळची तेलुगू उपासना संपली की दुपारी मराठी मंडळी भरायची. जालना, नांदेड, परभणीकडून पिढ्यांपूर्वी आलेली तीस-चाळीस घरं. नीलिमाला ही नोकरी लावून दिली होती ती आबासाहेबांनीच. त्यांनी आधी डोळे मिटून प्रार्थना केली, मग चहा घेतला आणि मग खिशातून एक टाइप केलेला कागद काढला.

कागदावर लिहिलं होतं की, फिटर उमाजी यांनी दुरुस्तीसाठी जाळी काढली, कोणाला न सांगता ती परत बसवली नाही, आणि त्यामुळं हा अपघात झाला. खाली नीलिमाच्या सहीला जागा सोडली होती.

"एवढी सही कर, पोरी," आबासाहेब म्हणाले. "तुला पॅकिंगला बसवतील. बसून काम. नोकरी कायमची राहील, मालकांनी शब्द दिलाय."

"आणि उमाजीकाका?"

"त्याचं वय झालंच आहे."

"जाळी मंदार साहेबांनी काढायला लावली. मालकांनी सांगितलं म्हणून. मी तिथंच बसले होते, आबासाहेब."

"मला ठाऊक नाही का?" आबासाहेबांनी आवाज मऊ केला. "पण तो तरुण माणूस आहे. त्याच्या हातून चूक झाली. आपण ख्रिस्ती लोक. आपण क्षमा करायची. न्याय करणारा वर बसलाय."

नीलिमा बोलणार तोच कोपऱ्यात तांदूळ निवडत बसलेली इंदुताई बोलली.

"आबासाहेब, मी अडाणी बाई. एक समजवा. क्षमा करायची म्हंजे ज्यानं केलं त्याला करायची ना?"

"हो, त्यालाच."

"मग या कागदावर त्याचं नाव कामून नाही? पाप उमाजीच्या डोक्यावर घालायचं आन क्षमा मंदारला द्यायची? ही कुठली क्षमा काढली तुम्ही? हिला क्षमा नका म्हणू. हिला सौदा म्हणा."

आबासाहेबांचं तोंड उतरलं. कागद तिथंच ठेवून ते उठले. दारात म्हणाले, "विचार करा. शनिवारपर्यंत मी थांबवून धरतो."

संध्याकाळी उमाजी आला. तो आत येईना. उंबऱ्याबाहेर चपलांपाशीच उकिडवा बसला.

"सही करून टाक, पोरी," तो म्हणाला. "खोटं काय आहे त्यात? माझ्याच हातानं काढली मी जाळी."

आणि मग नीलिमाचा इतक्या दिवसांचा राग भलत्याच माणसावर फुटला. "हौ, तुम्हीच काढली! कायकू काढली? तीस वर्षांचे फिटर तुम्ही! काय होणार ते साहेबाला कळत नव्हतं, तुम्हाला तर कळत होतं ना? नाही म्हणायला काय जात होतं तुमचं?"

उमाजीनं मान वर केली नाही. "भ्यालो," तो म्हणाला. "निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती."

या माणसानं आपल्याला मांडीवर घेऊन नेलं होतं, हे नीलिमाला आठवत होतं. त्यानंच बोल्ट काढले होते, हेही आठवत होतं. मग इंदुताईनं त्याला जेवूनच जायला लावलं.

गौतमनं वेगळंच ठरवलं होतं. रिक्षा स्टँडवरचे चौघे जण आणि तो. शनिवारी संध्याकाळी मंदार स्कूटरवरून घरी जाताना मूसापेटच्या अलीकडं त्याला गाठायचं. "जीव नाही घेणार," गौतम म्हणाला. "फक्त उजवा हात. बराबर?"

नीलिमानं त्याच्याकडं पाहिलं. "तोडा," ती म्हणाली. त्या रात्री तिला पहिल्यांदा शांत झोप लागली, आणि सकाळी उठल्यावर त्या झोपेचीच तिला शिसारी आली. पण नवऱ्याला नको असं काही ती म्हणाली नाही.

शनिवारी ती कागद घेऊन कुकटपल्लीला गेली. सही केलेली नव्हती. तो मंदारच्या टेबलावर फेकायचा, चार शब्द ऐकवायचे आणि निघायचं, एवढंच मनात होतं. संध्याकाळी काय होणार ते तिला ठाऊक होतं. त्याआधी त्या चेहऱ्याकडं एकदा पाहून घ्यायचं होतं.

ती शेडमध्ये शिरली आणि जागच्या जागी थांबली.

चार नंबरच्या प्रेसवर राणी बसली होती. राणी म्हणजे पॅकिंगमधली मुलगी, जेमतेम एकोणीस वर्षांची. डायपुढं जाळी नव्हती. राणीचा हात आत जात होता, बाहेर येत होता, आत जात होता. प्रेसचा ठोका पडत होता. डायच्या कडेला अजून काळपट डाग होता. कोणी नीट पुसलासुद्धा नव्हता.

नीलिमा चालत गेली आणि डाव्या हातानं त्या प्रेसचा मेन स्विच पाडला. मशिनचा पट्टा सुस्कारा टाकत थांबला.

"अक्का?" राणी दचकून म्हणाली.

"ऊठ तिथनं."

"अक्का, साब चिल्लाते..."

"ऊठ म्हणते ना!"

राणी उठली. नीलिमा तिच्या स्टुलावर बसली नाही. ती खाली, पायडलच्या पुढ्यात, तेलकट फरशीवर मांडी घालून बसली. आता तिला ओलांडल्याशिवाय कोणालाही प्रेस चालवता येणार नव्हता. एकेक करून बाकीचे प्रेसही थांबले. माणसं जमली. आबासाहेब स्टोअरच्या खिडकीतून बघत होते.

मंदार केबिनमधून धावतच आला. गेटवर ट्रक उभा होता, माल भरायचा होता, आणि त्याच्या शर्टाला काखेत घाम आला होता. "हे काय चाललंय, नीलिमाबाई?"

"जाळी बसवा. मी उठते."

"आधी बाहेर या, आपण बोलू."

"बोलायचं काही नाही. जाळी भंगारच्या खोलीत आहे. चार बोल्ट आहेत. पाच मिनिटांचं काम."

"तुम्हाला कळतंय का तुम्ही कुणाचं काम अडवलंय? तुमच्या सहीचा कागद..."

तिनं कागद पुढं केला. "यावर लिहिलंय की उमाजीकाकांनी जाळी काढली. मग काकांना तर तुम्ही घरी बसवलं आहे चार दिवसांपासून. आता ही जाळी कोणी काढून ठेवली? या पोरीचा हात कोणाच्या नावावर लिहिणार?"

ती हे मोठ्यानं बोलली. सगळी शेड ऐकत होती. मंदारच्या मानेवरची शीर ताठ झाली. "गप्प बस!" तो ओरडला. बाई गेलं, अहो-जाहो गेलं. "नोकरी दिली, उपकार विसरलीस! चोराच्या उलट्या बोंबा! ऊठ म्हणतो ना!" आणि त्यानं वाकून तिच्या थोबाडीत मारली.

आवाज पत्र्यावर घुमला. कोणी हललं नाही.

नीलिमाच्या डाव्या हाताजवळ, मशिनच्या पायाशी, एक मोठा पाना पडला होता. तिची बोटं त्याच्याभोवती कधी आवळली गेली, तिला कळलं नाही. मंदार अजून वाकलेलाच होता. त्याचं कपाळ तिच्यापासून हातभर अंतरावर होतं. मनात रंगवलेलं ते सगळं चित्र आता नुसतं मनगट उचलण्याच्या अंतरावर आलं होतं.

आणि नेमकं तेव्हा तिला आपले वडील दिसले. जालन्याचं चर्च, शुभ शुक्रवारची दुपार. वडील दर वर्षी येशूच्या दुःखसहनाचा भाग मोठ्यानं वाचत. महायाजकाच्या शिपायानं बांधलेल्या येशूला चपराक मारली, तिथं आले की ते थांबत आणि चष्म्यावरून मुलांकडं बघत. "दुसरा गाल पुढं करा, असं सांगणारा तोच," ते म्हणत. "पण त्या घडीला तो गुमान बसला नाही बरं का. त्यानं हात उचलला नाही आणि मानही खाली घातली नाही. त्यानं मारणाऱ्याला सवाल केला." लहानपणी तिला यातलं काही कळलं नव्हतं.

तिनं पाना सोडला. तो फरशीवर वाजला.

"साहेब," ती म्हणाली. "मी खोटं बोलले असेन तर काय खोटं बोलले, ते या सगळ्यांच्या समोर सांगा. आणि खरं बोलले असेन, तर मला का मारलं?"

मंदार सरळ उभा राहिला. त्यानं तिच्याकडं पाहिलं, मग आजूबाजूला पाहिलं. चाळीस माणसं उत्तराची वाट बघत होती.

"का मारलं, साहेब?" तिनं पुन्हा विचारलं.

मंदार वॉचमनकडं वळला. "बाहेर काढा हिला."

म्हातारा वॉचमन डोक्यावरची टोपी काढून हातात धरून उभा राहिला. "मेरे से नहीं होता, साब," तो म्हणाला.

मंदार पाठ फिरवून केबिनमध्ये गेला आणि काचेचं दार लागलं. मग कोणीतरी जाऊन जाळी आणली. बोल्ट सापडेनात, तेव्हा आबासाहेब स्टोअरमधून चार नवीन बोल्ट घेऊन आले. ते त्यांनी नीलिमाकडं न बघता दुसऱ्या फिटरच्या हातावर ठेवले. जाळी बसली. नीलिमानं उठून फटीतून आपला चांगला हात आत घालून पाहिला. जात नव्हता. मग ती गेटबाहेर पडली, ती त्या कारखान्यात परत कधी गेली नाही. सोमवारीच तिला कामावरून काढल्याचं पत्र आलं.

त्या संध्याकाळी ती बसनं मूसापेटला उतरली. गौतमची रिक्षा रस्त्याच्या कडेला होती, मागच्या सीटवर दोघं, पलीकडं दोघं. तिच्या गालावर पाच बोटं उठलेली बघून गौतम रिक्षातून उडी मारूनच खाली आला.

"कोणी? त्यानंच? आज तर त्याला सोडतच नाही."

"घरी चला."

"नीलू, सरक बाजूला."

"तुम्ही त्याला मारलं, तर उद्या सगळे म्हणतील, रिक्षावाल्यानं इंजिनिअरला मारलं. माझ्या हाताचं कोण विचारील? मी आज चाळीस माणसांच्या समोर त्याला एक सवाल केलाय. तो त्याच्या गळ्यात अडकलाय. तुम्ही काठी घातली, तर त्याला उत्तर दिल्यासारखं होईल."

"तूच म्हणाली होतीस, तोडा म्हणून!"

"म्हणाले होते. अजूनही वाटतंय," ती म्हणाली आणि तिथंच, रस्त्यावर, रिक्षाचा दांडा धरून रडायला लागली. "तेच तर सांगते. मला अजूनही वाटतंय. म्हणून आत्ताच्या आत्ता मला घरी न्या."

स्कूटर येण्याआधी ते निघाले.

त्यानंतर सुरू झालं ते वाट बघणं. नीलिमानं डाव्या हातानं लिहायला शिकून सरकारकडं तक्रार केली. मुलीच्या दुरेघी वहीत ती पानं गिरवायची; ओळी सापासारख्या वळायच्या. तारखा पडत गेल्या. अर्ज हरवला, पुन्हा दिला. अधिकारी बदलला, पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. नारायणगुड्याच्या एका शाळेत तिला आयाचं काम मिळालं. पोरांना रांगेत लावायचं, घंटा द्यायची. मंडळीत काही लोक तिच्याशी तुटक वागायला लागले. ख्रिस्ती बाईला एवढा राग शोभतो का, असं कुजबुजायचे. ती मुद्दाम पुढच्या बाकावर जाऊन बसायची. मात्र प्रभूची प्रार्थना म्हणताना क्षमेची ओळ आली की तिचे ओठ मिटायचे. बाकी सगळी प्रार्थना खणखणीत, तेवढी ओळ वगळून. देवापुढं खोटं कशाला बोलायचं, असं तिचं म्हणणं.

अठ्ठ्याण्णवच्या ऑगस्टमध्ये, दोन वर्षं उलटल्यावर, शेवटची सुनावणी लागली. एव्हाना मालकांनी डाव बदलला होता. उमाजीवर ढकलणं जमलं नव्हतं, कारण शेडमधले सातजण त्याच्या बाजूनं बोलले होते. मग मालकांनी मंदारला काढून टाकलं होतं आणि वकिलातर्फे म्हणणं मांडलं होतं की, जाळी मंदारनं स्वतःच्या डोक्यानं काढली, कंपनीला त्याचा पत्ताच नव्हता. मंदार समोरच्या बाकावर बसला होता. गालफडं बसली होती, शर्टाची कॉलर झिजली होती. त्याच्या बाजूनं बोलायला कोणी आलं नव्हतं.

मालकांच्या वकिलानं नीलिमाला विचारलं, "उमाजीला जाळी काढायला कोणी सांगितलं?"

"मंदार साहेबांनी."

"तुम्ही स्वतः ऐकलं?"

"ऐकलं."

"बस. एवढंच."

वकील खाली बसायला लागला. एवढंच. सगळं खरं. तिनं आता उठून आपल्या जागेवर जावं, की मंदार संपला. ज्या तोंडावर ते हसणं होतं ते तोंड आता मातीला मिळणार होतं. त्यासाठी तिला एक शब्दही खोटा बोलायचा नव्हता, फक्त गप्प राहायचं होतं. दोन वर्षं तिनं याच दिवसाची वाट पाहिली होती. तिच्या जिभेवर गोडसर चव आली. मागं इंदुताई बसली होती. नीलिमानं तिच्याकडं पाहिलं, पण म्हातारी छताकडं बघत होती. सून काय करते हे तिचं तिला करू द्यायचं, असं तिनं ठरवलेलं दिसत होतं.

देवा, आज नको, नीलिमा मनात म्हणाली. आज एक दिवस मला सोड.

मग ती सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्याकडं वळली. "साहेब, अजून आहे. अर्धंच झालं."

"बोला."

"मंदार साहेबांना जाळी काढायला मालकांनी सांगितलं. माझ्या पाठीमागं उभं राहून सांगितलं. साहेब म्हणाले होते, यात रिस्क आहे. मालक म्हणाले, माल नाही गेला तर तुझं तू बघ. मग साहेब गप्प बसले आणि जाळी काढून घेतली."

वकील उठून उभा राहिला. "ये बाई इत्ते दिन क्यों नहीं बोली?"

"पहिल्या अर्जापासून लिहिलंय. डाव्या हातानं लिहिलंय, म्हणून तुम्ही वाचलं नसेल." तिचा आवाज चढला. "मंदार साहेबांना सोडा, असं मी म्हणत नाही. त्यांनी मला बसवलं, मला मारलं, त्या पोरीलाही बसवलं. त्यांच्या वाट्याचं त्यांना मिळू द्या. पण मालकांच्या वाट्याचंही मालकांनाच द्या. दुसऱ्याच्या डोक्यावर घालायचं हे उमाजीकाकांपासून चाललंय. ते आता पुरे."

निकाल लागायला आणखी तीन महिने लागले. मालकांना दोषी धरलं गेलं, पाचही प्रेसवर जाळ्या सक्तीच्या झाल्या, आणि नीलिमाला हाताबद्दल दर महिन्याचं थोडं वेतन बांधून मिळालं. मंदारवर ठपका आला, पण सगळं त्याच्यावर गेलं नाही. उमाजी तोवर निवृत्त होऊन नांदेडला गेला होता. तीन बोटं अर्थातच कोणी परत देऊ शकलं नाही.

पण सुनावणीच्या त्या दिवसाचं थोडं सांगायचं राहिलं. ती बाहेर आली, तेव्हा मंदार जिन्यापाशी उभा होता.

"नीलिमाबाई," तो म्हणाला, "तुम्ही माझ्यासाठी..."

"तुमच्यासाठी नाही."

"मी त्या दिवसापासून नीट झोपलेलो नाही. बायको, गौरी, पुण्याला गेली माहेरी. मला क्षमा करा. तुमच्या धर्मात तर..."

"माझ्या धर्मात काय आहे, ते मला सांगू नका!" ती एवढ्या जोरात बोलली की जिन्यावरचा शिपाई वळून बघायला लागला. तिनं श्वास घेतला. "साहेब, क्षमा माझ्याजवळ नाही. खोटी देणार नाही. मी रोज मागते देवाकडे, की मला ती देता येऊ दे. दोन वर्षं मागतेय. अजून मिळाली नाही."

मंदार मान हलवत राहिला. मग म्हणाला, "मिळाली तर कळवाल?"

तिला वाटलं, हा चेष्टा करतोय. पण त्याच्या डोळ्यांत चेष्टा नव्हती. तिनं पिशवीतून मुलीची वही काढली आणि मागचं पान उघडून पुढं केलं. त्यानं पुण्याचा पत्ता लिहिला.

ते पत्र तिनं लिहिलं दीड वर्षानं, शाळेच्या मधल्या सुटीत, पाण्याच्या टाकीजवळच्या कट्ट्यावर बसून. आता अक्षर बरं येत होतं. लिहिलं होतं एवढंच: "मंदार साहेब, राग गेलेला नाही. थंडीत हात दुखतो तेव्हा जास्तच येतो. पण काल तुमचं नाव घेऊन प्रार्थना केली आणि तुमचं भलं मागितलं. मागताना मध्ये थांबले नाही. कळवा म्हणाला होतात, म्हणून कळवते. नीलिमा उजागरे."

संध्याकाळी घरी इंदुताईनं ते नातीकडून वाचून घेतलं आणि विचारलं, "मालकाचं काय?"

"त्याला वेळ लागेल," नीलिमा म्हणाली, आणि पत्राच्या पाकिटाला जीभ लावली.